सात दिवसांची मुलूखगिरी

श्रोते हो, मुलूखगिरी हा शब्द आता इतिहासाच्या पुस्तकांपुरताच उरला आहे. दसऱ्याचे सोने लुटले की मराठी फौजा नर्मदेपलीकडे निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घरी परतत. त्यांतले काही जण परतले नाहीत. जेथे राहुटी ठोकली तेथेच पुढे त्यांनी घर बांधले. इंदूर, देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर येथे जी जुनी मराठी घरे दिसतात ती अशा न परतलेल्या माणसांची. त्यांतल्याच एका घरात माझा जन्म झाला. आमचा मूळ पुरुष वाईकडून आला आणि होळकरांच्या दफ्तरात कारकून झाला. त्याने घोडा कितपत फेकला असेल याची मला शंका आहे. पण मुलूखगिरीस लेखणीही लागतेच, असे म्हणून मी त्याची बाजू सावरून घेतो.

आज मी सांगणार आहे ती मुलूखगिरी मोटारीतून केलेली आहे. २०२४ च्या डिसेंबरात माझी थोरली बहीण, माझी पत्नी आणि मी असे तिघे सात दिवस माळव्यात व निमाडात हिंडलो. सारा प्रवास सातशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा. इंदूरहून पुण्यास जाण्यास जेवढे अंतर कापावे लागते त्याहून फारसे अधिक नाही. आणि खरी गोष्ट अशी की, पुण्याचा रस्ता मी आयुष्यात शंभर वेळा तुडवला असेल, पण या सातशे किलोमीटरांपैकी निम्म्याहून अधिक रस्ता मी बहात्तराव्या वर्षी प्रथमच पाहत होतो.

याचे कारण 'देश' या शब्दात आहे. आमच्या घरी 'देशावर जाणे' म्हणजे पुण्यास जाणे. लग्न देशावर, मुंज देशावर, औषधपाणी देशावर. बाबा वकील होते. १९६० च्या सुमारास त्यांनी एक जुनी फियाट घेतली आणि दर मे महिन्यात आम्ही तीतून निघू लागलो. पहाटे चारला इंदूर सोडायचे. खलघाटला उजाडे. नर्मदा ओलांडताना बाबा मोटार हळू करीत, ताईच्या हातात एक नाणे देत, ती ते पाण्यात टाकी, आणि बाबा म्हणत, "चला, आता देश जवळ आला." परतताना ती नदी रात्री लागे. तेव्हा आम्ही मुले झोपलेली असू. त्यामुळे येतानाची नर्मदा आम्ही पाहिलीच नाही असे म्हटले तरी चालेल.

ताई १९६८ साली लग्न होऊन पुण्यास गेली. आता तिला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष आहे. ती या वेळी इंदूरला आली ती सही करण्यासाठी. आमचा वाडा विकावयाचे ठरले होते. मागचा सोपा दोन पावसाळ्यांपूर्वी बसला, पुढच्या भिंतीला तडे गेले. माझ्या मुलांपैकी कोणी इंदुरात नाही. विकणे शहाणपणाचे होते. ताईने फोनवर "सही करीन" एवढेच म्हटले. विका असे ती म्हणाली नाही, आणि विकू नका असेही म्हणाली नाही. ती आली, आणि घेणाऱ्याच्या बँकेचे कागद आठ दिवसांनी लांबले. त्या आठ दिवसांत त्या अर्ध्या रिकाम्या वाड्यात आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो असतो तर काय काय बोलले गेले असते ते परमेश्वर जाणे. माझ्या पत्नीने ते ओळखले. ती म्हणाली, "ताई, तुम्ही लग्नानंतर माहेरी आलात, पण माहेर पाहिले कुठे? मोटार दारात उभी आहे. चला."

पहिला मुक्काम देवास. इंदूरहून देवास चाळीस किलोमीटरही नाही. नव्या रुंद रस्त्याने पाऊण तासात माणूस तेथे पोहोचतो आणि म्हणूनच बहुधा तेथे थांबत नाही. हे एवढेसे गाव, पण १९४८ पर्यंत त्यात दोन राज्ये नांदत होती, पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. एका टेकडीवर दोन देव्या, एका गावात दोन दरबार. मराठी माणसाच्या वाटणीच्या हौसेचे याहून मोठे स्मारक माझ्या पाहण्यात नाही. मी हे विनोदाने म्हणालो, पण मोटारीत वाटणीचा विषय निघाला तेव्हा कोणी हसले नाही.

टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' आहे, कुमार गंधर्वांचे घर. आम्ही बाहेरच मोटार उभी केली आणि पाच मिनिटे काही न बोलता बसलो. कुमारजींचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, बोली कानडी, तालीम मुंबईची. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणे बंद. अंथरुणावर पडून त्यांनी काय केले, तर दारावरून जाणाऱ्या माळवी बायकांची, भिक्षेकऱ्यांची, सणावारांची गाणी ऐकली. सुमारे पाच वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या गळ्यात माळवा उतरला होता. आमची घराणी अडीचशे वर्षे येथे राहिली. आमच्या घरात पुण्याची वर्तमानपत्रे आणि मुंबईची नाटके यांवर रात्र रात्र बोलणे होई. दारावरून जाणारी बाई काय गाते आहे हे आम्ही कधी विचारले नाही. ताई म्हणाली, "आपली मोलकरीण गायची. मला एक ओळ येत होती." ती ओळ तिने पुढच्या सहा दिवसांत आठवून पाहिली. आठवली नाही.

उज्जैनचे मी थोडक्यात सांगतो, कारण आम्हाला ते थोडक्यातच दिसले. महाकालाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभे केले. २०२२ मध्ये त्याभोवती नवे विस्तीर्ण आवार झाले आणि गर्दी कैक पटींनी वाढली. ताईचे गुडघे आणि ती रांग यांचा मेळ बसेना. आम्ही शिखराला नमस्कार केला आणि सवाई जयसिंहाच्या वेधशाळेत जाऊन बसलो. तेथे दुपारच्या उन्हात दगडी यंत्रावर सावली सरकताना दिसते. गर्दी मुळीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी धार. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गहू आणि हरभरा, मधूनच लसणाचे हिरवे पट्टे. माळव्याच्या काळ्या जमिनीचे वैभव पाहावयाचे तर डिसेंबरातच पाहावे. धारला लोखंडाचा एक प्रचंड स्तंभ तीन तुकडे होऊन पडला आहे. तो सबंध असताना दिल्लीच्या लोहस्तंभाहून उंच होता. पाहणारे आमच्याखेरीज दोघेच, आणि ते दोघे सावली शोधीत आलेले. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला; आनंदीबाई तेव्हा त्या किल्ल्याच्या आश्रयाला होत्या. पेशवाई ज्याच्या हातून गेली तो पुरुष जन्मला माळव्यात, आणि पेशवाई ज्याने दिल्लीपर्यंत नेली त्याने देह ठेवला निमाडात. हा योगायोग मला त्या दिवशी प्रथम सुचला. इतिहासाचा प्राध्यापक असतो तर तीस वर्षांपूर्वी सुचला असता.

मांडूवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. दोन तलावांमधला जहाज महाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, रूपमतीची छत्री. मी एवढेच सांगतो की, होशंगशहाच्या कबरीच्या दारावर एक लेख आहे. शहाजहानच्या पदरचे कारागीर १६५९ मध्ये ही इमारत पाहून गेले याची ती नोंद. ताजमहाल तेव्हा बांधून झाला होता. म्हणजे एवढे काम हातून झाल्यावरही ते लोक दुसऱ्याचे जुने काम पाहण्यास आले, नमस्कार करून गेले, आणि तसे दगडावर लिहून गेले. मला ते फार आवडले.

ताईला मात्र झाडे आवडली. मांडूत गोरखचिंचेचे अजस्र वृक्ष आहेत. मूळचे आफ्रिकेतले, कोणी कधी आणले कोण जाणे, पण आता त्यांना सारे 'मांडूची चिंच' म्हणूनच ओळखतात. त्यांची भोपळ्याएवढी फळे बाया रस्त्याकडेला विकतात. आम्ही दोघे रूपमतीच्या छत्रीवर चढून गेलो. तेथून खाली निमाडाच्या धुक्यात नर्मदा दिसते म्हणतात, आम्हाला एक पांढरी रेघ दिसली, ती नर्मदाच असावी असे आम्ही ठरवले. खाली येऊन पाहतो तो ताई एका झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून विकणारीशी गप्पा मारीत बसलेली. मला म्हणाली, "बाळ, हे झाड बाहेरचे आहे हे तिला सांगितले, तर ती हसली. म्हणाली, माझ्या आजीच्या आजीनेही याचीच फळे विकली."

मांडूहून खाली उतरताना विंध्याचा उतार लागतो. चारशे मीटरांहून अधिक उंची काही वळणांत संपते आणि अंगावरची शाल आपोआप गळून पडते. माळवा सरला, निमाड लागला. गव्हाच्या जागी कपाशी, आणि शेताशेतांतून वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल गालिचे. धामणोदला आग्रा रस्ता ओलांडला. तेथे महेश्वरचा फाटा आहे, तेरा किलोमीटर. मी मोटार बाजूला घेतली आणि ताईला तो फाटा दाखवला. बाबांच्या फियाटीने हा फाटा किती वेळा मागे टाकला असेल? जाताना पुण्याची घाई, येताना घराची. तेरा किलोमीटर, आणि ताई वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी महेश्वरास प्रथम येत होती.

महेश्वरी आम्ही दोन रात्री राहिलो. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, नगरकडील चौंडीचा. त्यांच्या जन्माचे तीनशेवे वर्ष चालू असल्यामुळे घाटावर वर्दळ होती. पती गेले, सासरे गेले, मुलगा गेला, आणि त्या बाईने इंदूर सोडून नर्मदेच्या काठी राजधानी केली आणि १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत तेथून राज्य केले. काशी, गया, सोमनाथ येथे देवळे बांधली ती सारी या काठावर बसून. राजवाड्यात त्यांची बैठक दाखवतात. साधी गादी, पांढरी खोळ. ज्या बाईच्या नावाने आज विमानतळ आहे, विद्यापीठ आहे, तिच्या बसण्याची जागा आमच्या माजघरातल्या बैठकीहून मोठी नाही. किल्ल्यात मातीची लहान लहान शिवलिंगे करून पुजून नर्मदेत सोडण्याची तेव्हाची प्रथा अजून चालू आहे. पाट भरून लिंगे होतात, पूजा होते, आणि सारी माती पुन्हा नदीत. ताई ते बराच वेळ पाहत राहिली. "रोज करायचे आणि रोज सोडायचे," एवढेच म्हणाली. मी काही बोललो नाही. वाड्याचा विषय दोघांच्याही जिभेवर होता, आणि दोघांनीही तो गिळला.

दुपारी विणकरांच्या आळीत गेलो. महेश्वरी लुगडे विणण्याचा धंदा येथे अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढला. मध्यंतरी तो बसला होता, १९७० नंतरच्या काळात होळकर घराण्यातील मंडळींनीच संस्था काढून त्याला पुन्हा हात दिला. एका मागावर मध्यमवयाची बाई बसली होती. तिने आम्हाला बुगडी किनार दाखवली. ही किनार दोन्ही बाजूंनी सारखी असते. लुगडे उलटे नेसले तरी ते कोणाला कळत नाही. ताईने विचारले, "मग सुलट बाजू कोणती?" ती बाई म्हणाली, जी तुम्ही वर घ्याल ती. ताईने ते लुगडे घेतले. पुण्यात ते दुकानात मिळते, कदाचित थोडे स्वस्तही मिळते. तसे मी बोलून गेलो आणि पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर तेहतीस कोटी देवांनी पाहिली असेल.

पाचव्या दिवशी रावेरखेडी. श्रोते हो, या गावाला जाणाऱ्यांस एक सूचना करून ठेवतो. जळगाव जिल्ह्यात केळ्यांसाठी प्रसिद्ध असे एक रावेर आहे. ते हे नव्हे. मोबाइलच्या नकाशाला मी आदल्या रात्री नुसते 'रावेर' सांगितले, तर त्याने मला सातपुडा ओलांडून थेट खानदेशात नेण्याची तयारी केली. शेवटी जुन्या पद्धतीने गेलो, म्हणजे विचारीत विचारीत. मंडलेश्वरजवळ नर्मदा ओलांडली. पूल येताच ताईने सवयीने पर्स उघडली आणि खिडकीतून एक रुपया टाकला. पुढचे वाक्य मात्र कोणी म्हटले नाही. कसरावदवरून बेडियाला आलो; तेथे मिरचीचा मोठा बाजार आहे, आणि हवेतच इतका ठसका होता की तिघेही शिंकत पुढे निघालो. बेडियाच्या पुढे चाक बसले. पंक्चर काढणारा पोरगा वीस वर्षांचा असेल. कोठे चाललात म्हणाला. समाधीला म्हटल्यावर त्याने कोणाच्या असे विचारले नाही. तेथे समाधी एकच.

१७४० च्या आरंभी नासिरजंगाशी तह होऊन खरगोण आणि हंडिया ही ठिकाणे बाजीरावास जहागीर मिळाली. नवा मुलूख पाहावा म्हणून तो नर्मदेकाठी आला, तेथे ताप भरला, आणि २८ एप्रिलला तो गेला. चाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. समाधीभोवती धर्मशाळेसारखे दगडी आवार आहे. आत मोकळे अंगण, मधोमध समाधी, आणि पलीकडे नदी. आम्ही गेलो तेव्हा तेथे शेळ्या राखणारी एक म्हातारी आणि आम्ही तिघे, इतकेच होतो. पाण्यावरून वारा येत होता. शनिवारवाड्याच्या दारातला बाजीरावाचा अश्वारूढ पुतळा ताईने छप्पन्न वर्षे रोज जाता-येता पाहिला आहे. ती म्हणाली, "तिकडे त्यांना घोड्यावर बसवून ठेवले आहे. उतरले ते इथे."

म्हातारीने आम्हाला विचारले, कोठले? मी इंदूर म्हणालो. पत्नीही इंदूर म्हणाली. ताई काही बोलली नाही. मोटारीत बसल्यावर बऱ्याच वेळाने तिने मला विचारले, "बाळ, मी काय सांगायला हवे होते? पुण्यात मला अजून 'इंदूरवाली' म्हणतात. तुमच्या गल्लीत मी 'पुण्याची ताई'. आणि वाडा गेला की?" ते वाक्य तिने पुरे केले नाही. ज्या प्रश्नाची मी पाच दिवस वाट पाहत होतो तो आला, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, सनावदला चहा घेऊ. चहा चांगला होता.

ओंकारेश्वरी संध्याकाळी पोहोचून झुलत्या पुलावरून दर्शन करून आलो. बेटावर २०२३ मध्ये उभी केलेली आद्य शंकराचार्यांची मूर्ती लांबूनच पाहिली. सहाव्या दिवशी बऱ्हाणपूर. हे शहर मध्य प्रदेशात असले तरी बाजारात पावलोपावली मराठी ऐकू येते, आणि ते आमच्या इंदुरी मराठीपेक्षा शुद्ध आहे असे पत्नीचे मत पडले. तापीच्या पलीकडे आहूखान्याच्या बागेत, १६३१ साली मृत्यू पावलेली मुमताजमहल सुमारे सहा महिने पुरलेली होती. मग तिला आग्र्यास नेले. पुरंदरचा तह ज्याने शिवाजी महाराजांशी केला तो मिर्झाराजा जयसिंहही १६६७ मध्ये येथेच वारला. त्याची छत्री आहे. पण मला विचाराल तर बऱ्हाणपुरास जावे ते कुंडी भंडारा पाहण्यास. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने गावात आणले आहे. वर ओळीने विहिरींसारखी तोंडे दिसतात, त्या कुंड्या. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळी, १६१५ साली हे काम झाले. पंप नाही, चाक नाही, बैल नाही, आणि पाणी चारशे वर्षे वाहते आहे. कुंडीच्या काठाशी कान लावला की खालचा थंड आवाज येतो. रात्री माव्याची जिलेबी खाल्ली. मधुमेही श्रोत्यांनी हे वाक्य ऐकले नाही असे समजावे.

सातव्या दिवशी परतीचा रस्ता. अशीरगड पायथ्यावरूनच पाहिला. ज्याला दक्षिणेचे दार म्हणत, जो अकबराने १६०१ मध्ये आणि इंग्रजांनी १८१९ मध्ये घेतला, तो गड माझ्या गुडघ्यांना घेता आला नाही. खांडव्याच्या पुढे रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते. धूळ, डंपर, आणि एकेरी वाहतूक. मोटारीत कोणी फारसे बोलत नव्हते. सनावद गेले. मोरटक्क्याचा पूल आला. उन्हे उतरली होती आणि नर्मदा तांब्याच्या रंगाची झाली होती.

"बाळ, हळू कर," ताई म्हणाली.

मागून एक ट्रक कर्णा वाजवीत होता. मी मोटार हळू केली. तिने काच खाली घेतली, पर्समधून एक नाणे काढले आणि कठड्यावरून पाण्यात टाकले.

"येतानाचे राहिले होते, बाबांचे," ती म्हणाली, आणि काच वर घेतली.

ट्रकवाला आम्हाला ओलांडून शिव्या देत पुढे गेला. बडवाह मागे पडले, घाट चढलो, इंदूरचे दिवे दिसू लागले. रजिस्ट्री दुसऱ्या दिवशी साडेअकराला झाली. ताईने सही केली. ती महेश्वरी लुगडे नेसून आली होती.